मसिबोच्या डाव्या पायाची मयत

मसिबो कुंडू आणि मी एकाच साली, एकाच ओढ्याच्या चिखलानं अंग माखून, एकाच माणसाच्या सुंतेच्या सुरीपुढे उभे राहिलो आणि पोरांचे पुरुष झालो. त्या पहाटे जो शेजारी उभा असतो तो जन्माचा सोबती. अशा सोबत्याला आमच्यात एक मोठा हक्क असतो. त्यानं वाटेल ते बोलावं, लग्नात बोलावं, मयतीत बोलावं, आणि समोरच्यानं रागावू नये. म्हणून मी पुढे जे सांगणार आहे ते ऐकून कुणी कपाळाला आठ्या घालू नयेत. मसिबोच्या तोंडावर मी याच्यापेक्षा वाईट बोललेलो आहे.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची पद्धत आहे, पण मसिबो अजून जिवंत आहे, तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. तो बढाईखोर आहे. खादाड आहे. कोंबडीचा गळा कापला की तीन घरांपलीकडून त्याला वास येतो. आमच्या साखर कारखान्यात तो फिटर होता, मीही फिटर. फिटर म्हणून तो बरा होता. फार बरा नव्हता. पण त्याच्याबरोबर काम करायला सगळ्यांना आवडायचं, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं आणि गाळपाच्या हंगामात जागं राहायला तेवढं एकच साधन होतं.

कारखान्यातल्या यंत्रांना त्यानं नात्यातली नावं ठेवली होती. उसाच्या मोळ्या जिच्यात टाकतात ती गव्हाण म्हणजे 'मामा', कारण पुढे येईल ते खायचं आणि कधी पुरे म्हणायचं नाही. बॉयलर 'आत्या', कारण सदा तापलेली. आणि रस काढून उरलेला चोथा बॉयलरकडे ओढत नेणारी जी लोखंडी पट्ट्यांची साखळी होती, तिचं नाव 'सासूबाई'. ही साखळी पत्र्याच्या लांबलचक पन्हळीतून फिरायची. आमच्यात जावयानं सासूच्या समोर जायचं नसतं. वाटेत दिसली तर शेतात शिरायचं, एका छपराखाली बसायचं नाही, हात लावणं तर दूरच. मसिबो नव्या पोरांना सांगायचा, "हिच्याकडे तोंड करून जायचं नाही. बाजूनं जायचं, मान खाली घालून, काम उरकायचं आणि निघायचं."

स्वतः मात्र तो तिच्या मांडीवर बसून गप्पा मारायचा.

आता कुलपांचं सांगायला हवं. नियम असा की यंत्रात उतरायच्या आधी फिटरनं वीज तोडायची, खटक्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग बाहेर राजा आला तरी यंत्र चालू होत नाही. त्यासाठी कारखान्यानं लाल रंगाची दणकट कुलपं मागवली होती. फार सुंदर कुलपं. इतकी सुंदर की ती खटक्यावर वाया घालवायला कुणाचंच मन होईना. एक सायकलला लागलं, एक पेटीला, एक कुणाच्या तरी दुकानाच्या दाराला. खटक्यावर आम्ही सुतळीनं पुठ्ठा बांधायचो. त्यावर लिहिलेलं असायचं, 'माणूस आत आहे'. तेलकट बोटं लागून लागून तो पुठ्ठा इतका काळा झाला होता की त्यावर काय लिहिलंय हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत.

त्या दिवशी दुपारी सासूबाईंची एक पट्टी वाकली आणि साखळी कडाकडा वाजायला लागली. आमचा फोरमन शितांडी, त्यानं साखळी बंद करवली. खटक्याला पुठ्ठा बांधून मसिबो पन्हळीत उतरला. मी वर काठावर बसून त्याला पाने आणि बोल्ट देत होतो. तो भयंकर चिडलेला होता. त्याची बायको खातोंडी हिनं त्याचं पिणं बंद केलं होतं. गावातल्या म्हाताऱ्यांबरोबर मडक्याभोवती बसून लांब नळीनं बुसा, म्हणजे धान्याची घरगुती दारू, ओढणं हा त्याचा रोजचा कार्यक्रम, आणि खातोंडीनं ती नळीच मोडून चुलीत घातली होती.

"आठवडा झाला मी शुद्धीत आहे," तो खालून म्हणाला. "शुद्धीत असलं की जग इतकं कंटाळवाणं असतं, तुला माहीत होतं? तुम्ही लोक हे रोज कसं सहन करता?"

मी म्हटलं, "आम्हाला तुझ्यासारखं रोज स्वतःकडं बघावं लागत नाही."

तिकडे चोथा येईना म्हणून बॉयलर थंडावत चालला होता. वाफ उतरली, मिल मंदावली, वर ऑफिसातून फोन सुरू झाले. आम्हाला यातलं काही कळलं नाही. मला एवढंच दिसलं की साखळी एकदा थरथरली. मसिबोनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसतं नवल होतं. मग ती चालू लागली.

त्यानं उडी मारून पन्हळीचा काठ धरला. मी एका हातानं त्याच्या अंगातली डांगरी पकडली. त्याचा उजवा पाय वर आला. डावा पट्टीखाली राहिला. पन्हळीच्या कडेनं साखळी थांबवायची एक दोरी होती, ती मी दुसऱ्या हातानं ओढली. पण त्या दोरीवर बॉयलरवाले कपडे वाळत घालायचे, आणि ओल्या कपड्यांनी दोरी लोंबते म्हणून कुणीतरी ती मधल्या खांबाला गाठ मारून पक्की केली होती. मी हिसका मारला तशा दोन डांगऱ्या आणि कुणाचीतरी चड्डी माझ्या डोक्यावर पडली. सासूबाई चालतच राहिल्या.

मी ओरडत होतो. गाळप चालू असताना तिथे देवाचाही आवाज ऐकू येत नाही. एका बॉयलरवाल्याला माझं उघडं तोंड दिसलं आणि त्यानं धावत जाऊन खटका पाडला.

त्याला बाहेर काढताना जे पाहिलं ते मी सांगणार नाही. हाडाला रंग असतो, एवढंच सांगतो, आणि तो पांढरा नसतो. मसिबोनं माझी कॉलर धरली होती. ओठ राखेसारखे झाले होते. तो म्हणाला, "सासूनं जावयाला हात लावायचा नसतो ना रे? हिनं पायच धरला." आणि त्याची शुद्ध गेली.

मी हसलो नाही. हे इथं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे तो गावभर सांगत फिरला की मी हसलो.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढून टाकला. दुसऱ्या दिवशी मसिबोनं डोळे उघडले, पांघरूण उचलून पाहिलं, पुन्हा खाली ठेवलं. बराच वेळ तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. खांदे हलत होते. खातोंडी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. ती बाई गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. शेवटी तो तसाच भिंतीशी म्हणाला, "बूट नवा होता."

"उजवा आहे घरी," खातोंडी म्हणाली. "अर्धा संसार शिल्लक आहे अजून."

तिसऱ्या दिवशी कारखान्याकडून साखरेचं पोतं आलं. शितांडी स्वतः खांद्यावर घेऊन आला, खाटेशेजारी ठेवलं आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न भिडवता निघून गेला. खातोंडीनं पोत्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "पाय घेऊन साखर दिली," ती म्हणाली. "सांगा, चहात किती घालू? गुडघ्यापर्यंत?"

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग बातमी आली की कारखान्यात सांगतायत, मसिबो पिऊन यंत्रात उतरला होता. आमचे जनरल मॅनेजर म्वांगोला साहेब, ते बैठकीत तसं बोलले होते. हे ऐकून मसिबो खाटेवर ताठ बसला. पाय गेल्यावर त्याला इतका संताप आला नव्हता.

"वीस वर्षं प्यायलो तेव्हा हे कुणाला दिसलं नाही! आयुष्यात एक आठवडा उपास केला आणि नेमका त्याच आठवड्यात दारुडा ठरलो? प्यायलो असतो तर मला वाईट वाटलं नसतं. न पिता नाव बदनाम, हा कुठला न्याय?" मग तो एकदम थांबला. "माझा पाय कुठे आहे?"

"मुर्दाघरात," मी म्हटलं.

"एकटाच?"

"मग काय, तुला पाठवू सोबतीला?"

"त्याला घरी न्यायचं. मयत करायची. गाव बोलवायचं."

मला वाटलं औषध डोक्यात गेलं. पण त्याचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चाललं होतं. "आपल्यात मयतीला काय करतात?" तो म्हणाला. "मेलेला कसा मेला, शेवटी जवळ कोण होतं, कुणाच्या हातून काय घडलं, हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. तिथं खोटं बोलायला माणसं भितात. आणि निरोप देऊनही जो येत नाही, त्याचाच त्यात हात आहे असं लोक धरतात. साहेबाला निरोप धाड. बघू, कसा येत नाही."

पण मयत करायची तर बोलणारा म्हातारा हवा. आमच्याकडचे वेफविला आजोबा म्हणजे मयतीत बोलणाऱ्यांचे मुकुटमणी. ते उठून बोलायला लागले की सगळा गाव गप्प, कोंबडासुद्धा आरवताना विचार करतो. खातोंडी आणि मी त्यांच्याकडे गेलो. ऐकून त्यांनी काठी आपटली.

"मी मोठमोठ्या म्हाताऱ्यांच्या मयतीत बोललोय. ज्यांच्या नातवंडांनी अंगण भरायचं अशांच्या. आता मी तंगडीच्या मयतीत उभा राहू?"

खातोंडी म्हणाली, "आजोबा, गेल्या वर्षी तुम्ही त्या सोसायटीच्या चेअरमनच्या मयतीत दुपारभर बोललात. खरं सांगा, त्या अख्ख्या माणसापेक्षा आमच्या या पायानं जास्त काम केलंय की नाही?"

आजोबा हसायला लागले ते खोकल्यावर जाऊनच थांबले. डोळे पुसत म्हणाले, "बैल कापायचा नाही. पायाला कोंबडा पुरे. आणि भाषण गुडघ्यापर्यंतच."

मुर्दाघरातल्या माणसानं नाव विचारलं. मी नाव सांगितलं. "हे वारले केव्हा?" मी म्हटलं, "वारले नाहीत, वरच्या मजल्यावर मक्याची उगाली खातायत." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हा आता मलाच ठेवून घेतो. सुतारानं एक अरुंद लांबट खोकं करून दिलं होतं. ते घोंगडीत गुंडाळून मी मटाटूच्या गाडीत चढलो, तर कंडक्टर अडून बसला.

"काय आहे त्यात?"

"पाय."

"कशाचा? बैलाचा?"

"माणसाचा."

"बाकीचा कुठाय?"

"मागाहून येतोय."

गाडीतल्या अर्ध्या बायका मागच्या बाकांवर सरकल्या. कंडक्टर म्हणाला, प्रेताला दुप्पट भाडं पडतं. मी म्हटलं, हे पूर्ण प्रेत नाही. शेवटी एक म्हातारी ओरडली, "अरे, लहान पोराला मांडीवर घेतलं तर भाडं घेत नाहीस, आणि पायाला घेतोस?" गाडी हलली. रस्ताभर कुणी गाणं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मसिबो घरी आल्यावर मयत झाली. निम्मे लोक दुःखानं आले, निम्मे बघायला, आणि कोंबडा एकच आहे हे कुणालाच आधी सांगितलेलं नव्हतं. अंगणात अवोकाडोच्या झाडाखाली खोकं ठेवलं. मग वाद पडला की मसिबोनं बसायचं कुठे, रडणाऱ्यांत की मेलेल्याच्या बाजूला. शेवटी खोक्याला खुर्ची टेकवून त्याला मध्ये बसवला. त्याची खरीखुरी सासूही आली. रिवाजाप्रमाणे केळीच्या झुडपाआड, त्याच्याकडे पाठ करून बसली, आणि नातीकडून निरोप धाडला, "जावईबापू, मी तुमचा पाय खाल्ला असं कारखान्यात म्हणतात म्हणे. मला तर दात नाहीत."

म्वांगोला साहेब काळ्या सुटात आले, ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. शितांडी मागे कुंपणाला टेकून उभा होता.

सुरुवात खातोंडीनं केली. खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "या पायाला मी ओळखते. संध्याकाळ झाली की उंबऱ्याबाहेर पहिला हा पडायचा, उजवा बिचारा याच्या नादानं मागं जायचा. लग्नात नाचताना माझ्या अंगठ्यावर पडला तो हाच. पोरीला ताप भरला तेव्हा तिला खांद्यावर घेऊन नदीच्या पाण्यातून पलीकडच्या दवाखान्यात गेला, तोही हाच." ती जरा थांबली. "याची सगळी पापं मला पाठ आहेत. पण त्या दिवशी हा शुद्धीत होता. थेंब दिला नव्हता मी. प्यायलेला होता असं जो म्हणतो, त्यानं इथं माझ्यासमोर येऊन म्हणावं."

वेफविला आजोबा काठी टेकत पुढे आले, आणि त्यांचा आवाज ऐकून माणसं हसायची थांबली.

"शेवटी या पायाजवळ कोण होतं?"

मी उठलो. जे घडलं ते सांगितलं, साखळीचं, दोरीचं, दोरीवरच्या कपड्यांचं. बॉयलरवाले जमिनीकडे पाहत होते. चड्डीचा उल्लेख मी गाळला. मसिबोनं खुर्चीतून आठवण करून दिली.

"साखळी कुणी चालू करायला लावली?" आजोबांनी विचारलं.

मग कुंपणाकडून शितांडी आला. हातात टोपी चुरगाळत होता.

"मी," तो म्हणाला. "वाफ उतरली होती. साहेबांचा फोन होता, आत्ताच्या आत्ता चालू करा. मी पन्हळीकडे पाहिलं. कुणी दिसलं नाही. म्हणजे... मी नीट पाहिलंच नाही. कुणी दिसलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून पाहिलं नाही." त्यानं मसिबोकडे तोंड केलं. "प्यायलेला होता असं मी बोललो नाही. पण बोलणाऱ्याला तू खोटं बोलतोस असंही म्हणालो नाही."

मसिबो त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता शिव्या घालेल. तो म्हणाला, "साखर ओली होती, शितांडी. पुढच्या वेळी कोरडी आण." शितांडीला रडू फुटलं. इतका मोठा माणूस, ढोपरावर बसून रडला, आणि मसिबो त्याच्या डोक्यावर थापट्या मारत होता, जसं वासराला मारतात.

मग म्वांगोला साहेब उठले. घसा साफ करून म्हणाले, "कामगारांची सुरक्षितता ही आमच्या व्यवस्थापनाची नेहमीच..."

"बाळ," आजोबा म्हणाले, "इथं मेलेल्याबद्दल बोलायचं असतं. मेलेल्याला तू ओळखत होतास?"

"पायाला?"

"पायाला."

"नाही."

"मग तुला माहीत आहे तेवढंच बोल."

साहेब घामाघूम झाले, पण तेही मूर्ख नव्हते. म्हणाले, "मला एवढं माहीत आहे की प्रत्येक फिटरला कुलूप दिलं होतं. मसिबोनं ते लावलं असतं तर हे घडलं नसतं."

हे खरं होतं. मसिबोनं मान खाली घातली. खातोंडी ताडकन उठली, घरामागे गेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं लाल कुलूप काढून घेऊन आली. मागोमाग सगळ्या कोंबड्या मयतीला आल्या.

"हे बघा," तिनं कुलूप खोक्यावर ठेवलं. "नवऱ्यापेक्षा माझ्या कोंबड्या सुरक्षित होत्या. आमची चूक आम्ही इथं ठेवली. आता बाकीच्यांनी आपापली आणावी."

आधी कुणी जागचं उठेना. मग एक फिटर सायकलकडे गेला. मग दुसरा घरी पळाला. खोक्यावर कुलपं जमायला लागली. साहेब समाधानानं मान हलवत बघत होते, तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर त्यांच्या कानाशी वाकला. बिचारा मोठ्या आवाजाचा माणूस.

"साहेब, आपल्या कुत्र्याच्या पिंजऱ्याला पण तेच आहे. आणू का?"

अंगण असं हसलं की केळीमागून सासूबाईंचाही आवाज आला. साहेबांनी डोळे मिटले. उघडले. "आण," ते म्हणाले. मग उभे राहून, कुणी विचारायच्या आत, "तो माणूस प्यायलेला नव्हता. तसं चुकीनं बोललं गेलं."

"'बोललं गेलं' असं नसतं," वेफविला आजोबा म्हणाले. "तोंड कुणाचं होतं?"

"माझं," म्वांगोला साहेब म्हणाले. "मी बोललो. खोटं बोललो."

आजोबांनी मान डोलावली आणि अवोकाडोखाली खणलेल्या खड्ड्याकडे बोट केलं. आम्ही पायाला माती दिली. कोंबडा एकच होता, म्हणून शेजारणींनी आपापले आणले, आणि मसिबोनं स्वतःच्या पायाच्या मयतीत इतकं खाल्लं की संध्याकाळी त्याला उचलून आत न्यावं लागलं.

त्यानंतर जग सुधारलं असं नाही. दोरी मोकळी केली, कुलपं खटक्यांवर आली, शितांडी पन्हळीत इतका वाकून बघायला लागला की लोक म्हणायचे याचा पगार आत पडलाय. भरपाईही मिळाली, उशिरा मिळाली, आणि तिच्याबद्दल मी बोलणार नाही कारण तिच्यात हसण्यासारखं काहीच नाही. तरी पुढच्या हंगामात पंपाच्या पट्ट्यात एकाचं बोट गेलंच. मसिबोनं बोटाची मयत करायचा हट्ट धरला. तो माणूस म्हणाला, बोटासाठी मी कोंबडा कापणार नाही, फार तर अंडं फोडीन.

ख्रिस्ती मिशनच्या दवाखान्यात मसिबोला नवा पाय मिळाला. तो गुलाबी निघाला. बहुतेक कुठल्या तरी थंड देशातल्या माणसासाठी केलेला. गावानं त्याचं नाव 'अर्धा गोरा' ठेवलं. कारखान्यानं त्याला सुरक्षेचं काम दिलं, गळ्यात शिट्टी दिली, आणि तिथूनच आमचे हाल सुरू झाले. ज्या माणसानं जन्मात एक नियम पाळला नाही तो आता गुलाबी पाय आपटत दिवसभर फिरतो. कुलूप नसलं की शिट्टी. दोरीवर रुमाल दिसला की शिट्टी. एकदा म्वांगोला साहेब चपला घालून मिलमध्ये आले, त्यांनाही शिट्टी मारून बाहेर काढलं. मागून सगळे त्याला शिव्या घालतात. मी तोंडावर घालतो. माझा हक्क आहे.

फक्त एक गोष्ट त्याला सतावायची. नसलेला पाय दुखायचा. दुखायचा म्हणण्यापेक्षा खाजायचा, अंगठ्याच्या शेजारच्या बोटाला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला वाटतं पाय आहे. वेफविला आजोबा म्हणाले, खोकं अरुंद केलं होतं, बोटं दुमडली गेली असतील. मसिबोला आजोबांचं पटलं. त्यानं उकरून सरळ करायचं काढलं, तर खातोंडी म्हणाली, "एका पायाची एकच मयत. पुन्हा गाव जेवायला घालायची ताकद माझ्यात नाही."

गेल्या रविवारी सकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. मसिबो अवोकाडोखाली खुर्चीत बसला होता, गुलाबी पाय काढून बाजूला ठेवलेला. खातोंडी हातात कुदळ घेऊन जमिनीवर वाकली होती.

"जरा वर," मसिबो म्हणाला.

"वर म्हणजे घोट्याकडं की बोटांकडं?"

"बोटांकडं गं. डावीकडं. अजून. हां... हां... तिथंच."

खातोंडी कुदळीच्या टोकानं हलक्या हातानं माती खरवडत होती. मी विचारलं, "काय चाललंय हे?"

"खाज सुटलीय त्याला," ती म्हणाली, जशी काही ही रोजचीच गोष्ट. आणि बहुतेक होतीच.

"आणि बरं वाटतं?"

मसिबोनं डोळे मिटले होते. चेहरा असा सैल पडला होता की मला त्याचं लहानपण आठवलं. "तू बोलू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या आवाजानं खाज सरकते."

"धड होता तेव्हा कधी हात लावू दिला नाही," खातोंडी पुटपुटली, "म्हणे गुदगुल्या होतात." आणि खरवडत राहिली.

मी दुसरी खुर्ची ओढून सावलीत बसलो. चहाला अजून वेळ होता.